माळ्यावरच्या ट्यूबा

प्रत्येक सुशिक्षित माणसाने आयुष्यात एकदा तरी पृथ्वीच्या रक्षणासाठी स्वतःला झोकून दिलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. हे मत माझ्याकडे फार दिवसांपासून आहे असं मात्र नाही. ते बाबांच्या माळ्यावर होतं, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी स्टुलावर चढून माळ्याचं दार उघडलं तेव्हा त्यातलं थोडं माझ्या टाळक्यावर पडलं, आणि उरलेलं पडू नये म्हणून मी दोन्ही हात वर करून, शरण आलेल्या शिपायासारखा तसाच उभा राहिलो.

"हळू," खालून बाबा म्हणाले. "पारा आहे त्यात."

बापाने अशा वेळी आधी मुलाच्या डोक्याची चौकशी करावी असा काही नियम नाही. असता तर बाबांनी तो पाळला असता.

माळ्यावर आमच्या घरातल्या आजवर गेलेल्या सगळ्या ट्यूबा होत्या. लांब ट्यूबा त्यांच्या मूळ खोक्यांत, खोक्यांचे गठ्ठे, गठ्ठे जुन्या नाड्यांनी बांधलेले. पिळाचे छोटे सीएफएल दिवे बुटांच्या खोक्यांत, मधे कापूस घालून. एक गोल ट्यूब होती, आईने हौसेनं आणलेली. ती लावली की घरातली सगळी माणसं आजारी दिसत.

याला कारण बाबांचं वाचन. बाबा जन्मभर एका कचेरीत हेडक्लार्क होते. जगात ट्यूब विकत घेणारे कोट्यवधी लोक असतील, पण ट्यूबच्या खोक्यामागची बारीक अक्षरं वाचणारा माणूस एकच असणार, आणि तो नेमका माझा बाप निघाला. खोक्यावर लिहिलं होतं, 'या दिव्यात पारा आहे. घरच्या कचऱ्यात टाकू नये. वापर संपल्यावर योग्य ठिकाणी जमा करावा.' योग्य ठिकाण कुठलं, ते लिहिलेलं नव्हतं. खोक्यावरची जागा संपली असावी. मग ते सापडेपर्यंत म्हणून बाबांनी पहिली ट्यूब माळ्यावर ठेवली. तेव्हा मी शाळेत होतो. आता माझे गुडघे दुखतात.

हे सगळं एकदम माझ्या डोक्यावर यायचं कारण असं की बाबा न्हाणीघरात पडले. त्याआधी जिन्यातही पडले होते, पण ते त्यांनी आम्हाला कळू दिलं नाही. समोरच्या दारातल्या काकूंनी पुढे सांगितलं. न्हाणीघरातलं पडणं लपवता आलं नाही, कारण कडी आतून होती आणि दार तळमजल्यावरच्या निवृत्त ड्रिलमास्तरांनी खांद्याने तोडलं. डॉक्टर म्हणाले, "यांना यापुढे एकटं ठेवू नका." हे ते बाबांच्या देखत, बाबांकडे न बघता म्हणाले. आई जाऊन काही वर्षं झाली होती. घर भाड्याचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ताईचा फोन आला. ताई लांब राहते, त्यामुळे तिला सगळं स्वच्छ दिसतं. ती म्हणाली, "तू त्यांना तुझ्याकडे घेऊन जा. रडतील, चिडतील, ऐकू नकोस."

बाबा रडले नाहीत आणि चिडलेही नाहीत. "येतो की," म्हणाले. मी पाठ करून आणलेले मुद्दे तोंडातच राहिले. "फक्त माळा मोकळा करू. माझ्यामागे इथे जो कोणी येईल तो हे सगळं खालच्या कचऱ्यात भिरकावेल. ते एकदा योग्य ठिकाणी पोचलं की मी तुझ्या गाडीत बसलो म्हणून समज."

एका रविवारचं काम आहे, असं मी घरी बायकोला सांगितलं. तिने नुसतं माझ्याकडे पाहिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायका बोलून दम घालवत नाहीत.

पहिल्याच रविवारी, स्टुलावरून उतरताना, माझ्या हातून एक सीएफएल फुटला. फटकन आवाज झाला आणि बाबांमधला हेडक्लार्क जागा झाला. "खिडक्या उघड! पंखा बंद! कुठे पाय देऊ नकोस! बाहेर चल!" मी केरसुणी घेणार तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. केरसुणीने पारा पसरतो. मग आम्ही दोघं दार लोटून बाहेर जिन्यात बसलो, वारा आत खेळू द्यायला.

"काय झालं?" काकू दार उघडून बाहेर आल्या.

"दिवा फुटला," मी म्हणालो.

"मग तुम्ही बाहेर का?"

"हवा शुद्ध होतेय," बाबा म्हणाले.

काकू आत गेल्या आणि दोन कप चहा घेऊन आल्या. आम्ही पायरीवर बसून चहा प्यालो. बाबा भिंतीला टेकून बसले होते आणि जिन्याच्या कठड्यावरून बोट फिरवत होते. कठडा तिथे गुळगुळीत झालेला होता. मग आत जाऊन आम्ही जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा केल्या, बारीक भुकटी चिकटपट्टीने टिपली आणि सगळं झाकणाच्या बरणीत भरलं. बरणी आईच्या लोणच्याची होती. त्या रविवारी माळ्यावरून एकही वस्तू गेली नाही, उलट एक बरणी वर चढली.

"ती डावीकडची दिसतेय ना," मी निघताना बाबा माळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "ती तुझ्या बारावीची. वर्षभर तुझ्याबरोबर जागली आणि निकालाच्या आत गेली. सुटली."

"आणि ही शेवटची?"

"स्वयंपाकघरातली."

मी स्वयंपाकघरात डोकावलो. भिंतीवर ट्यूबची पट्टी होती, ट्यूब नव्हती. आई गेली त्याच महिन्यात ती ट्यूब गेली होती आणि तिथे दुसरी लावलेलीच नव्हती. बाबा इतकी वर्षं बाहेरच्या खोलीतून येईल तेवढ्या उजेडात स्वयंपाक करत होते. आणि मी दर रविवारी तिथून पाण्याचा तांब्या भरून घेत होतो.

शेजारच्यांना विषय कळल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "खाली मागच्या बाजूला खड्डा करून पुरून टाका. वर एखादं झाड लावू." ड्रिलमास्तर म्हणाले, "गच्चीत नेऊन एकदाच ठोका, तोंडाला फडकं बांधून. मोकळ्या हवेत काही होत नाही. आम्ही मैदानात काय काय खाल्लंय!" काकू म्हणाल्या, "रोज एक, पिशवीत घालून, हळूच कचऱ्याच्या डब्यात ठेवायची. टाकायची नाही, ठेवायची." टाकणं आणि ठेवणं यातला फरक पाऱ्याला कळेल की नाही, याबद्दल बाबांना शंका होती.

मी भंगारवाल्याला वर आणलं. त्याने एक ट्यूब हातात घेऊन दोन्ही टोकं दाखवली. "आपल्याला फक्त ही टोपणं पाहिजेत. काच आपण घेत नाही." आणि टोपण कसं निघतं ते दाखवायला त्याने ट्यूब उंबऱ्यावर आपटण्यासाठी उचलली. न्हाणीघरात पडल्यापासून भिंत धरून चालणारे बाबा तेव्हा ज्या वेगाने खुर्चीतून उठले, तो डॉक्टरांनी पाहायला हवा होता. भंगारवाला ट्यूब बाबांच्या हातात देऊन उलट पावली जिना उतरला. जाताना मला म्हणाला, "साहेब, म्हाताऱ्याला जपा." त्यात काळजी किती आणि टोमणा किती, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मग मी नगरपालिकेत गेलो. पुरावा म्हणून एक ट्यूब, खोक्यासकट, बरोबर घेतली. बसमध्ये बसायला जागा नव्हती, म्हणून मी खोकं जमिनीवर टेकवून उभं धरलं. पुढच्या थांब्यावर चढलेल्या एका गृहस्थांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या हाताच्या वर, निर्धास्तपणे, खोकं पकडलं. बस वळली. ते त्या खोक्याच्या भरवशावर कलंडले, खोकं माझ्या भरवशावर कलंडलं, आणि माझा तर कुणावरच भरवसा नव्हता. "अहो, हा दांडा नाही, ट्यूब आहे!" मी ओरडलो. ते दुखावले. "मग बसमध्ये कशाला उभी करता?" म्हणाले. आजूबाजूच्यांनाही त्यांचंच पटलं.

नगरपालिकेच्या दारात पहारेकऱ्याने अडवलं.

"हे काय?"

"ट्यूब."

"आत कशाला?"

"दाखवायला."

"आत आहेत ट्यूबा," तो म्हणाला आणि कुणीतरी मागून ढकललं म्हणून मी आत गेलो.

घनकचऱ्याच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने मान वर न करता विचारलं, "ओला की सुका?"

"पारा आहे."

आता त्याने मान वर केली. "पारा ओला असतो की सुका?"

मी पदवीधर आहे, तेही विज्ञानाचा. पारा वाहतो, पण भिजवत नाही. मी हे त्याला प्रामाणिकपणे सांगितलं. त्याने मला विजेच्या विभागात पाठवलं. तिथल्या साहेबांनी ट्यूब खोक्यातून काढून निरखली आणि म्हणाले, "आम्ही फक्त रस्त्यावरचे दिवे बघतो. हा रस्त्यावरचा आहे का?"

"नाही. हॉलमधला."

"मग कसं जमणार?" ते खरोखर हळहळले. हॉलमधला दिवा निदान थोडे दिवस रस्त्यावर लावला असता तर त्यांना काही करता आलं असतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

पर्यावरणाच्या विभागात मात्र माझं स्वागत झालं. तिथे आजवर कुणी आलंच नसावं. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाऱ्याचे धोके सांगणारं रंगीत पत्रक दिलं आणि ट्यूब हातात धरायला लावून माझा फोटो काढला. पत्रकाच्या शेवटी लिहिलं होतं, 'असे दिवे योग्य ठिकाणी जमा करा.'

"ते ठिकाण कुठलं?" मी विचारलं.

"त्याची प्रक्रिया सुरू आहे."

माझा तो फोटो 'जागरूक नागरिक' म्हणून त्यांच्या फलकावर लागला. बायकोच्या ऑफिसातल्या कुणीतरी तो पाहिला. ती म्हणाली, "बाकी काही नाही, पण इस्त्रीचा शर्ट तरी घालायचास."

ट्यूब बनवणाऱ्या कंपनीलाही मी सोडलं नाही. मदतीच्या नंबरवर फोन केला. बरीच गाणी ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज आला. मी सगळं सांगितलं. आवाज म्हणाला, "म्हणजे ट्यूब लागत नाहीये का सर?" मी म्हणालो, "लागत नाही, लागायलाही नको, ती गेलेली आहे." आवाज म्हणाला, "तुमची तक्रार नोंदवली आहे सर. आमचा माणूस येऊन बघून जाईल." मी डोक्याला हात लावला आणि हे प्रकरण विसरून गेलो.

शेवटी योग्य ठिकाण ताईने शोधलं. चहा गाळता गाळता तिने ते इंटरनेटवर शोधलं आणि मला नंबर पाठवला. वर लिहिलं, 'हे आधीच का नाही केलंस?' शहराबाहेर एक कारखाना होता. तिथे असे दिवे बंद यंत्रात फोडून काच, धातू आणि पारा वेगवेगळा काढत. फोनवर एक बाई होत्या, शांत आवाजाच्या.

"दिवे किती आहेत?"

"माळाभर."

"माळा हे माप आमच्याकडे नाही. आमची लोखंडी पेटी असते, झाकणाची. ती भरत असेल तरच गाडी निघते."

मी त्यांना अंदाज सांगितला. त्या म्हणाल्या, "ही अर्धी पेटीसुद्धा होत नाही. अर्ध्या पेटीसाठी गाडी पाठवायचा नियम नाही."

"मी माझ्या गाडीतून आणून देतो."

"नको, साहेब. असा माल खासगी गाडीतून आम्हाला घेताच येत नाही. पेटी भरली की फोन करा."

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि त्यांचा चेहरा उजळला. किती दिवसांनी उजळला, तेही आठवेना. "नियम आहे म्हणजे पाळलाच पाहिजे," ते म्हणाले. "पेटी भरेपर्यंत थांबू."

"बाबा, कशी भरणार? तुम्ही एकटे आहात."

"एकेक जाते की रे. काही घाई आहे का?"

मला घाई होती. रोज संध्याकाळी फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावे, काकूंचा असेल म्हणून. पण हे बाबांना कसं सांगणार?

आणि मग चमत्कार झाला. पुढच्या रविवारी मी गेलो तर बाबांच्या दाराशी दोन नव्या, म्हणजे नव्याने गेलेल्या, ट्यूबा उभ्या होत्या. "काकूंनी दिल्या," बाबा म्हणाले. त्याच्या पुढच्या रविवारी ड्रिलमास्तरांकडच्या आल्या होत्या. मग पहिल्या मजल्यावरच्या, मग कुणाच्या भाच्याच्या दुकानातल्या. सेक्रेटरींनी तर एक मोठा गठ्ठाच आणून दिला आणि म्हणाले, "काकांनी इतकं चांगलं काम हाती घेतलंय, सोसायटीने मागे राहून कसं चालेल?" मी भारावलो. एका माणसाच्या निष्ठेने सगळी इमारत कशी जागी होते, यावर मी बायकोला जेवताना दोनदा भाषण दिलं. इमारतीचा जिना अलीकडे फार काळोखा असतो आणि त्यात माझी नडगी सडकून निघाली, हेही मी सांगितलं; पण दोन गोष्टी एकमेकींना जोडायची बुद्धी मला झाली नाही. मी पदवीधर आहे, हे वर आलंच आहे.

माळा भरला, पलंगाखालची जागा भरली, बाहेरच्या खोलीत भिंतीशी रांग लागली. एके दिवशी मी टेप घेऊन मापं काढली आणि कारखान्यात फोन केला. बाई म्हणाल्या, "हो, आता पेटी भरेल. रविवारी सकाळी गाडी पाठवते, मी स्वतः येते."

मी फोन ठेवून जवळजवळ नाचलो. बायकोने मागची खोली रिकामी केली, तिथे पलंग लावला, न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतला. "बाबा, जमलं!" मी फोनवर ओरडलो. पलीकडे पेपरची घडी घातल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "बरं झालं."

शनिवारी दुपारी मी सामान बांधायला गेलो, तेव्हा दारात एक अनोळखी माणूस उभा होता. खांद्याला पिशवी, छातीवर कंपनीचा बिल्ला. मदतीच्या नंबरवरचा गोड आवाज खोटं बोलला नव्हता. ट्यूब लागत नसल्याच्या तक्रारीवर त्यांचा मेकॅनिक आला होता.

"अहो, तक्रार नाहीये," मी म्हणालो. "या सगळ्या गेलेल्या आहेत. उद्या गाडी येणार आहे न्यायला."

"तसं लिहून चालत नाही. बघावं लागतं. लावून बघितल्याशिवाय तक्रार बंद होत नाही." त्याने भिंतीशी उभी असलेली पुढचीच ट्यूब उचलली. "पट्टी कुठाय?"

मोकळी पट्टी एकच होती, स्वयंपाकघरातली. त्याने पिशवीतून स्टार्टर काढून बसवला, ट्यूब बसवली, बटण दाबलं. ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लख्ख लागली.

स्वयंपाकघर मी किती वर्षांनी उजेडात पाहत होतो. ओट्यावर एकच कप, एकच ताट, एकच वाटी. खिडकीत आईचा पाट अजून उभा. बाबा दारात येऊन उभे राहिले होते, चौकट धरून.

"ही चांगली आहे," मेकॅनिक म्हणाला. त्याने दुसरी लावली. तीही लागली. तिसरी लागली. मग तो थांबला आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहू लागला, की जणू घरात वेडा नक्की कोण ते त्याला ठरवायचं होतं. "साहेब, चालू ट्यूबा कशाला काढून ठेवल्यात?"

तक्रार बंद झाली. तो गेला. मी तिसरी ट्यूब तशीच हातात घेऊन समोरचं दार वाजवलं. काकूंनी उघडलं. त्यांच्या घरात टीव्ही चालू होता आणि तेवढाच उजेड होता.

"काकू, ही चालू आहे."

"असेल."

"तुम्ही दिलेली आहे."

"असेल. तू ओरडू नकोस, ते ऐकतील." त्यांनी मला आत ओढलं. "त्यांनी तुला अट घातली होती ना, माळा रिकामा झाल्याशिवाय येत नाही म्हणून? मग तो रिकामा होऊ नये एवढंच आम्ही बघितलं. सेक्रेटरींनी जिन्यातल्या काढून दिल्या. मास्तरांनी आपल्या बाहेरच्या खोलीतल्या. मला टीव्हीचा उजेड पुरतो. संध्याकाळी तुझे बाबा दार उघडं ठेवून पेपर वाचतात, मोठ्याने. माझ्या डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही ना, म्हणून. ते गेले की मी काय करू? जितक्या जास्त ट्यूबा, तितके दिवस ते राहतील, असं आपलं..."

"काकू," मी म्हणालो, "ती गाडी पेटी भरल्याशिवाय येणारच नव्हती."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्या पलंगावर बसल्या. टीव्हीतली माणसं कशालातरी हसत होती.

"म्हणजे आम्हीच..." त्या म्हणाल्या आणि पदराचं टोक तोंडाशी नेलं.

मी परत आलो. बाबांनी तोवर ट्यूबा वेगळ्या करायला घेतल्या होत्या. टोकं उजेडाकडे धरून ते एकेक तपासत होते. "गेलेल्या ट्यूबची टोकं काळी पडतात," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "या पांढऱ्या आहेत."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिली आली तेव्हाच."

"मग घेतल्यात कशाला?"

"नको कसं म्हणायचं?"

खरंच, कसं म्हणायचं? शेजाऱ्यांना थांबवायचं तर त्यांना पेटीचा नियम सांगावा लागला असता, आणि तो सांगणं म्हणजे मला जायचं नाही असं तोंडाने कबूल करणं. ते त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. आम्ही दोघं पाऱ्याबद्दल बोलत होतो.

"चालू ट्यूब कचऱ्यात देता येत नाही," बाबा म्हणाले. "चल. माझा हात धर."

मग आम्ही मजल्यामजल्याने फिरलो. मी स्टुलावर चढून ट्यूबा लावत होतो, बाबा खाली उभं राहून स्टूल धरत होते. ड्रिलमास्तर सावधानमधे उभे राहिले. सेक्रेटरी उगाच "अहो काका, आम्हाला वाटलं गेल्या असतील, हल्लीचा माल..." असं पुटपुटत होते. जिन्यातल्या ट्यूबा लावताना बाबा म्हणाले, "इथे मी पडलो होतो. दुसऱ्या कुणी पडायला नको." काकूंच्या घरातली लावली तेव्हा त्यांनी डोळ्यांपुढे हात धरला. उजेड डोळ्यांवर येतोय, म्हणाल्या.

सगळ्या ट्यूबा परत गेल्यावर उरलं ते आमचं मूळचं, माळ्यावरचं. पेटी भरत नव्हती. हे माझ्या लक्षात आलं, बाबांच्या तर आधीच आलं असणार. कारखान्यात फोन करून गाडी थांबवणं हे माझं काम होतं, ते मी केलं नाही. आणि का केलं नाही याचं उत्तर मी न्हाणीघराच्या तुटलेल्या दाराकडे बघून स्वतःला देत होतो.

रविवारी सकाळी गाडी आली. बाई उतरल्या, हातात जाड मोजे, मागे दोन माणसं आणि ती लोखंडी पेटी. सगळी इमारत जिन्यात उभी होती. माणसांनी आमचे गठ्ठे हलक्या हाताने खाली नेले आणि एकेक ट्यूब पेटीत आडवी ठेवली. गोल ट्यूब गेली. बारावीची गेली. स्वयंपाकघरातली बाबांनी स्वतःच्या हाताने दिली. लोणच्याची बरणीही गेली. सगळं भरून झालं तरी पेटी निम्म्याहून मोकळीच राहिली.

जिन्यात कुणीतरी श्वास सोडला. काकूंचा हात कठड्यावर घट्ट झाला होता.

बाबा काठी टेकत पुढे झाले. "बाई, पेटी भरलेली नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज कचेरीतला होता. "तुमचा नियम आहे. अर्ध्या पेटीला गाडी नाही. आमच्याकडून चुकीचा अंदाज कळवला गेला. तुम्ही नियमाप्रमाणे परत जायला आमची हरकत नाही."

नगरपालिकेच्या तीन खिडक्या, पहारेकरी, कंपनीचा गोड आवाज, या सगळ्या प्रकरणात एकानेही माझ्यासाठी एक इंच नियम वाकवला नव्हता. मी बाईंकडे बघत होतो. मी काय व्हावं म्हणून बघत होतो ते मला आजही सांगता येणार नाही.

बाईंनी पेटीत पाहिलं. नाड्यांनी बांधलेली खोकी पाहिली, कापूस पाहिला. मग बाबांकडे पाहून त्या हसल्या. चांगल्या बाई होत्या.

"काका," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं इतकं जपून ठेवणारं मी कुणी पाहिलं नाही. एवढ्यासाठी पुन्हा गाडी काढायला नको. आलोच आहोत तर घेऊन जातो. नियमाचं मी बघते."

पेटीचं झाकण लागलं.

"आभारी आहे," बाबा म्हणाले आणि बूट घालायला वर गेले. जिना चढायला त्यांना वेळ लागला. जिन्यात भरपूर उजेड होता.

त्यांना आमच्याकडे येऊन आता बरेच दिवस झाले. तब्येत बरी आहे, पडले नाहीत. संध्याकाळी पेपर हातात घेतात आणि मनातल्या मनात वाचतात. आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी खोलीतल्या दिव्याकडे बोट दाखवून, हा गेल्यावर जुना कुठे ठेवायचा, असं विचारलं होतं. आमच्याकडचे सगळे दिवे एलईडीचे आहेत. त्यांत पारा नसतो.